स्वच्छ काचेची बाटली

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे. तेथील पिट्सबर्ग हे शहर लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांमुळे जगभर ओळखले जाऊ लागले. या शहराजवळ ॲलेगेनी नदीच्या काठी शार्प्सबर्ग हे लहानसे गाव आहे. १८५२ च्या सुमारास या गावात एक आठ वर्षांचा मुलगा हातात टोपली घेऊन दारोदार भाजी विकताना दिसत असे. भाजी त्याच्या आईच्या परसातली असे. घरात खाऊन उरलेली भाजी वाया जाऊ नये, म्हणून आईने ती विकण्याचे काम या मुलाकडे सोपवले होते. त्याचे नाव हेन्री जॉन हाइन्झ.

हेन्रीचा जन्म ११ ऑक्टोबर १८४४ रोजी पिट्सबर्गमध्ये झाला. त्याचे आईवडील जर्मनीतून पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेले होते. वडील विटा पाडण्याचा धंदा करत. आई अ‍ॅना कडक शिस्तीची, धर्मपरायण आणि कमालीची कामसू होती. हेन्री हा तिचा सर्वांत मोठा मुलगा. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी तिची इच्छा होती आणि त्यासाठी तिने त्याला तशा शाळेतही घातले. पण मुलाचे मन पुस्तकापेक्षा बागेत आणि बाजारात अधिक रमत होते.

मुलाची आवड पाहून आईवडिलांनी त्याला पाऊण एकर जमीन स्वतंत्रपणे कसायला दिली. टोपली मागे पडली आणि हातगाडी आली. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे साडेतीन एकर जमीन आणि एक घोडागाडी होती. भाजी आता घरोघरी न जाता पिट्सबर्गच्या किराणा दुकानांत जाऊ लागली. पुढे त्याने व्यापारी शाळेत जाऊन हिशेब लिहिण्याची पद्धत शिकून घेतली आणि वडिलांच्या वीटभट्टीचे हिशेबही तोच पाहू लागला. १८६१ साली, सतरा वर्षांच्या या मुलाने एका वर्षात २,४०० डॉलरचा भाजीपाला विकला. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. हेन्रीच्या आईच्या बागेत हॉर्सरॅडिश नावाचे एक कंदमूळ होत असे. ते आपल्याकडे सहसा पिकत नाही. दिसायला जाड, मळकट मुळ्यासारखे. पण चवीला इतके झणझणीत की ताजी मोहरी त्याच्यापुढे काहीच नाही. जर्मन आणि इंग्रज कुटुंबांत मांसाबरोबर ते हमखास लागे. ते सोलून, किसून, शिरक्यात घालून ठेवत. तुम्ही ज्याला सिरका म्हणता तोच हा शिरका. हे किसण्याचे काम मोठे त्रासाचे. कांदा चिरताना येते त्याहून जास्त पाणी डोळ्यांतून वाहते, आणि किसणीवर बोटांची सालटी निघतात ती वेगळीच. त्यामुळे किसलेले हॉर्सरॅडिश बाजारात विकत मिळाले तर घरोघरच्या बायकांना ते हवेच असे.

ते बाजारात मिळतही होते. पण कसे? हिरव्या किंवा तपकिरी रंगाच्या बाटलीत. रंगीत काचेतून आतला माल नीट दिसत नाही. काही व्यापारी त्यात स्वस्त सलगम किसून घालत, काही पाने घालत, तर काही चक्क लाकडाचा भुसा मिसळत. गिऱ्हाईक घरी जाऊन बाटली उघडी, तेव्हा त्याला कळे. आणि कित्येकदा तेव्हाही कळत नसे. आपल्याकडे मिरचीपुडीत विटेचा चुरा मिसळणारे लोक असतात, हे तुम्ही ऐकले असेल. हेन्रीच्या वडिलांची तर वीटभट्टीच होती!

हेन्रीने आईच्या पद्धतीने हॉर्सरॅडिश तयार केले आणि ते स्वच्छ, बिनरंगी काचेच्या बाटलीत भरले. बाटली उजेडात धरली की आत काय आहे ते लहान मुलालाही दिसावे. दुकानदारासमोर तो बाटली ठेवी आणि आत भुसा नाही, सलगम नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावी. गिऱ्हाइकाला माल आधी दिसला तर विश्वास बसतो, आणि विश्वास बसला तर तो दोन पैसे जास्त मोजायला कुरकुर करत नाही, एवढे त्याने ओळखले होते. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. त्या बाजारात ती साधी नव्हती, कारण स्वच्छ काचेत जसा माल दिसतो, तसा मालातला दोषही दिसतो.

१८६९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हेन्री हाइन्झ यांनी क्लॅरेन्स नोबल या मित्राबरोबर भागीदारीत रीतसर व्यवसाय सुरू केला. कारखाना म्हणजे शार्प्सबर्गमधले हाइन्झ कुटुंबाचे जुने राहते घर. कुटुंब दुसऱ्या घरात राहायला गेल्यामुळे ते मोकळे झाले होते. त्याचे तळघर आणि वरच्या एकदोन खोल्या एवढ्यात किसणे, भरणे, बुचे लावणे असे सगळे चाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सारा यंग या तरुणीशी त्यांचे लग्न झाले.

धंदा झपाट्याने वाढला. हॉर्सरॅडिशच्या जोडीला काकडीचे लोणचे आले, आंबवलेली कोबी आली, शिरका आला. येथे एक खुलासा करायला हवा. त्यांच्याकडचे लोणचे आपल्यासारखे तेल-मसाल्याचे नसते. लहान काकड्या आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि मग शिरक्यात घालतात. १८७५ पर्यंत या मंडळींकडे नदीकाठी शंभर एकर बाग, चोवीस घोडे, बारा-एक गाड्या आणि सेंट लुइस शहरात शिरक्याचा कारखाना एवढा पसारा झाला होता. सहा वर्षांत तळघरातून इतके वर येणे डोळे दिपवणारे होते. पण हा पसारा बहुतेक कर्जावर उभा होता.

सप्टेंबर १८७३ मध्ये अमेरिकेत एक मोठी पेढी बुडाली आणि तिच्यामागून अनेक बँका व रेल्वे कंपन्या कोसळल्या. देशभर मंदी आली. बँका नवे कर्ज देईनात आणि जुने मागू लागल्या. अशा वेळी, १८७५ साली, हाइन्झ यांच्या कंपनीने इलिनॉय राज्यातील शेतकऱ्यांशी एक करार केला होता. कित्येकशे एकरांवर पिकणारी सगळी काकडी एका बुशेलला साठ सेंट या भावाने कंपनीने घ्यायची. बुशेल हे तिकडचे माप. काकडीचे एक बुशेल साधारण वीस-बावीस किलो भरते.

त्या वर्षी काकडीचे पीक उदंड आले. शेतकरी गाड्यांवर गाड्या भरून आणू लागले आणि बाजारातला भाव पार खाली घसरला. करार तर साठ सेंटचा आणि सगळा माल घेण्याचा. काकडी ही अशी वस्तू की ती ताबडतोब मिठात घालावी लागते, नाहीतर सडते. म्हणजे शेतकऱ्याला पैसे आज द्यायचे, पिंपे आणि मीठ आज विकत घ्यायचे, मजुरी आज चुकती करायची. आणि लोणचे विकून पैसा हातात येणार तो काही महिन्यांनी. मधला काळ निभावून न्यायला बँकेचा आधार लागतो, आणि तोच तुटलेला होता. माल उत्तम होता, गिऱ्हाईक होते, तरीही रोख पैसा नव्हता. चांगला चाललेला धंदाही कसा बुडतो, हे समजून घ्यायला याच्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

डिसेंबर १८७५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. दिवाळे हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूतही दिवाला निकलना असेच म्हणतात. देणी भागवण्यासाठी कंपनीची मालमत्ता गेली. ज्या आईवडिलांनी मुलाच्या धंद्यासाठी आपले घर गहाण टाकले होते, त्यांच्यावरही आपत्ती कोसळली. लोकांना फसवण्यासाठी माल लपवला, असा आरोप ठेवून हेन्री हाइन्झ यांना अटकही झाली. ते जामिनावर सुटले आणि आरोप सिद्ध झाला नाही. पण गावात जायची ती अब्रू गेली. काल सलाम करणारे लोक आज तोंड फिरवू लागले. त्या वर्षीच्या नाताळात बायकोमुलांना भेट देण्याइतकाही पैसा त्यांच्यापाशी नव्हता.

दिवाळे निघाल्यावर कायदा काय करतो, ते पाहू. जी मालमत्ता उरलेली असते ती विकून येणारा पैसा सर्व देणेदारांत थोडाथोडा वाटला जातो. रुपयाला काही आणे त्यांच्या हाती पडतात. उरलेले कर्ज कायद्याने संपते. ते मागण्याचा हक्क कोणालाही राहत नाही. हेन्री हाइन्झ यांनी मात्र एक छोटी वही केली. कंपनीच्या कर्जातला आपला वाटा किती होतो, तो त्यांनी काढला आणि कोणाचे किती देणे राहिले ते त्या वहीत नावानिशी लिहिले. वहीवर त्यांनी नैतिक जबाबदारी या अर्थाची दोन इंग्रजी आद्याक्षरे लिहिली. कायदा विसरला तरी आपण विसरायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण फेडायचे कशातून? दिवाळे निघालेल्या माणसाला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नव्हता. येथे घरातली माणसे पुढे झाली. फेब्रुवारी १८७६ मध्ये एक नवी कंपनी निघाली. तिचे मालक होते भाऊ जॉन, चुलतभाऊ फ्रेडरिक, आई अ‍ॅना आणि पत्नी सारा. हेन्री हे त्या कंपनीत पगारी नोकर! मोठ्या उद्योगपतींच्या गोष्टींत बायकांचा उल्लेख बहुधा लग्नापुरता येतो. या गोष्टीत मात्र पाककृती आईची होती, भांडवलाला हात आई आणि बायको या दोघींचा लागला होता, आणि सगळे बुडाल्यावर धंदा याच दोघींच्या नावावर पुन्हा उभा राहिला.

दोन महिन्यांपूर्वी ज्यांच्या तबेल्यात चोवीस घोडे होते, त्यांनी आता सोळा डॉलरला एक घोडा घेतला. तो स्वस्त मिळाला, कारण तो आंधळा होता. त्याच घोड्याच्या गाडीतून माल दुकानांकडे जाऊ लागला. दुकानदारांकडे जाणे सोपे नव्हते. पण त्यांना जुनी काचेची बाटली आठवत होती. माणसाची पत गेली होती, मालाची गेली नव्हती.

याच वर्षी, १८७६ मध्ये, नव्या कंपनीने टोमॅटो केचप विकायला सुरुवात केली. आपण समोशाबरोबर ज्याला नुसते सॉस म्हणतो, तेच हे. त्या वेळी ते बहुधा घरी करत. टोमॅटोचा हंगाम आला की मोठे पातेले चुलीवर चढवून, करपू नये म्हणून दिवसभर ढवळत बसावे लागे. भर उन्हाळ्यात चुलीपुढे उभे राहून हे काम करणाऱ्या स्त्रियांना तयार बाटली म्हणजे सुटका वाटली. हॉर्सरॅडिशच्या वेळी जे घडले तेच पुन्हा घडले. घरातले कष्टाचे काम हेरायचे, ते घरच्याइतकेच चांगले करून द्यायचे, हीच हाइन्झ यांची पद्धत.

वर्षामागून वर्षे गेली. वहीतल्या एकेका नावापुढचे पैसे चुकते होत गेले आणि शेवटी आपल्या वाट्याचे सर्व देणे त्यांनी फेडले. १८८८ मध्ये कंपनीला त्यांचे स्वतःचे नाव मिळाले: एच. जे. हाइन्झ कंपनी.

त्याआधी १८८६ मध्ये कुटुंबाबरोबर युरोपच्या प्रवासाला गेले असताना त्यांनी एक धाडस केले होते. लंडनमध्ये फोर्टनम अँड मेसन हे राजघराण्याला माल पुरवणारे नामांकित दुकान आहे. अमेरिकेतला एक लोणचेवाला आपल्या सात वस्तूंचे नमुने बॅगेत भरून सरळ तेथे गेला. असे विक्रेते अशा ठिकाणी मागच्या दाराने जात. हे पुढच्या दाराने गेले. खरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याने चव घेतली आणि सातही वस्तू ठेवून घेतल्या.

जाहिरातीत तर त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. १८९३ मध्ये शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. हाइन्झ यांचे दालन वरच्या मजल्यावर होते आणि जिना चढून कोणी येत नव्हते. त्यांनी लहान चिठ्ठ्या छापून प्रदर्शनाच्या आवारात पसरवल्या. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला दालनात एक भेटवस्तू फुकट मिळेल, असे त्यांवर छापले होते. मग इतकी गर्दी उसळली की मजल्याला खालून टेकू द्यावे लागले. भेट काय होती? हिरव्या काकडीच्या आकाराचे एक इवलेसे पदक.

तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये आगगाडीतून जाताना त्यांना बुटांची एक जाहिरात दिसली. तीत एकवीस नमुने असल्याचे म्हटले होते. आकडा लक्षात राहतो, हे त्यांनी हेरले आणि आपल्या मालासाठी ५७ हा आकडा निवडला. वास्तविक तेव्हा कंपनी साठाहून अधिक पदार्थ करत होती. पण ५७ कानाला बरा वाटला, म्हणून तोच ठेवला. खऱ्या मालाच्या व्यापाऱ्याने आकडा मात्र मनचा घ्यावा, याची मला गंमत वाटते. निदान तो फुगवलेला तरी नव्हता!

पिट्सबर्गमध्ये नदीपलीकडे त्यांनी जो मोठा कारखाना बांधला, तेथे काम करणाऱ्या बहुसंख्य मुली होत्या. त्यांना स्वच्छ गणवेश मिळे, आंघोळीची सोय होती, जेवणाचे वेगळे दालन होते, वाचनालय होते, गच्चीवर बाग होती. अन्नाला हात लावणाऱ्या मुलींची नखे कापून स्वच्छ करण्यासाठीही माणसे नेमलेली होती. मजुरी मात्र बेताचीच होती आणि दिवसाचे तास लांब होते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या इतर कारखान्यांशी तुलना केली तर मात्र या मुली सुखी होत्या. कारखाना पाहायला कोणीही यावे, अशी मोकळीक होती आणि दरवर्षी हजारो लोक येत. बाटलीची काच स्वच्छ होती, तसाच कारखानाही उघडा.

या उघडेपणाची खरी कसोटी पुढे लागली. अमेरिकेत डबाबंद अन्नाचा धंदा वाढला, तशी भेसळही वाढली. अनेक कारखानदार टोमॅटोची साले आणि नासका भाग वापरून केचप करत. ते आंबू नये म्हणून त्यात सोडियम बेंझोएट हे रसायन घालत आणि लाल दिसावे म्हणून रंग. बेंझोएट पूर्वी हाइन्झ यांच्या केचपमध्येही असे. पण त्यांच्या माणसांनी प्रयोग करून पाहिले. टोमॅटो ताजा आणि पूर्ण पिकलेला घेतला, शिरका आणि साखर वाढवली, स्वच्छता कडक ठेवली, तर रसायनाशिवाय केचप टिकते, असे त्यांना आढळले. आज हे रसायन ठरावीक प्रमाणात वापरायला परवानगी आहे. तेव्हा त्यावर कसलेच बंधन नव्हते.

शुद्ध अन्नाचा कायदा व्हावा अशी मागणी होऊ लागली, तेव्हा बहुतेक अन्न कारखानदारांनी विरोध केला. हाइन्झ कायद्याच्या बाजूने उभे राहिले. सरकारने आपल्या धंद्यात डोकवावे, असे कोणता व्यापारी म्हणेल? त्यांच्याच व्यवसायातले लोक त्यांच्यावर चिडले. त्यांनी आपला मुलगा हॉवर्ड याला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही बोलणी करायला पाठवले. ३० जून १९०६ रोजी कायद्यावर सही झाली. यात हाइन्झ यांचा फायदाही होताच. भेसळ करणारे अडचणीत आले की चोख माल विकणाऱ्याचा खप वाढतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण तो फायदा मिळवण्यासाठी आधी आपला माल चोख करावा लागला होता.

पत्नी सारा हे यश पुरते पाहू शकल्या नाहीत. १८९४ मध्येच आजाराने त्यांचे निधन झाले. हेन्री हाइन्झ यांनी दुसरे लग्न केले नाही. १४ मे १९१९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, न्यूमोनियाने पिट्सबर्गमध्ये त्यांचा अंत झाला. त्या वेळी कंपनीचे वीसहून अधिक कारखाने होते आणि सहा हजारांहून अधिक माणसे तेथे काम करत होती.

शार्प्सबर्गच्या त्या जुन्या घराचे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९०४ मध्ये, हाइन्झ साठीला आले असताना, ते विटांचे अख्खे घर जागेवरून उचलून एका मोठ्या तराफ्यावर चढवण्यात आले आणि ॲलेगेनी नदीतून सुमारे पाच मैल खाली, पिट्सबर्गच्या कारखान्याच्या आवारात आणून ठेवण्यात आले. लोक काठावर उभे राहून नदीतून जाणारे घर पाहत होते. पुढे, हाइन्झ यांच्या निधनानंतर, ते घर तेथूनही हलले आणि मिशिगन राज्यातील ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेऊन उभारण्यात आले.